नव्या टीव्हीतून खडखड आवाज येतोय? दोष टीव्हीचा की भिंतीचा, हे आधी कसं ओळखायचं

नवा टीव्ही भिंतीवर लागतो, फिटिंग करणारा माणूस रिमोट हातात देऊन निघून जातो आणि रात्री घरातले सगळे सिनेमा बघायला बसतात. बातम्या बघताना काहीच जाणवलं नव्हतं. पण गाणं सुरू होतं, ढोलकीवर जोरात थाप पडते आणि टीव्हीच्या मागून कुठूनतरी बारीक खडखड ऐकू येते. आवाज कमी केला की ती थांबते. वाढवला की पुन्हा सुरू.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच वाक्य बोललं जातं: "नवीन आहे, चार दिवसांत बसेल." नुकसान इथेच होतं. ऑनलाइन घेतलेला टीव्ही बदलून मिळण्याची मुदत बहुतेकदा ७ ते १० दिवसांची असते आणि ती साधारणपणे डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजली जाते, फिटिंगच्या दिवसापासून नाही. टीव्ही दोन-तीन दिवस खोक्यातच पडून राहिला, तर तेवढे दिवस गेले. मुदत संपल्यावर हातात उरते ती वॉरंटी. वॉरंटीत बहुतेक वेळा टीव्ही बदलून मिळत नाही, दुरुस्त करून मिळतो. म्हणजे महिन्याभराचा नवा टीव्ही उघडला जाणार.

याची दुसरी बाजूही आहे. पुष्कळदा खडखड टीव्हीची नसतेच. ती ब्रॅकेटची असते, शेल्फवरच्या सेट-टॉप बॉक्सची असते किंवा टीव्हीला टेकलेल्या केबलची असते. अशा घरात टीव्ही बदलून आणला तरी तोही त्याच जागी तसाच वाजतो. त्यामुळे तक्रार करण्याआधी तासभर काढून आवाजाचा माग घेणं फायद्याचं ठरतं.

आधी आवाजाला नाव द्या

आवाजांसाठी मराठीत शब्दांची कमी नाही आणि इथे ते कामाला येतात. टीव्हीतून येणारे आवाज ढोबळपणे चार प्रकारचे असतात आणि चौघांची कारणं वेगळी आहेत.

खडखड किंवा थरथर ही एखादी सैल वस्तू दुसऱ्या वस्तूवर आपटल्यासारखी ऐकू येते आणि गाण्यातल्या जाड सुरांबरोबर येते-जाते. खरखर ही आवाजातच मिसळलेली असते, माणूस बोलताना घसा बसल्यासारखा वाटतो. तिचा संशय स्पीकरवर किंवा सिग्नलवर घ्यायचा. टीव्ही म्यूट केल्यावरही ऐकू येणारी गुणगुण बहुतेकदा पॉवर सप्लायची असते. ब्राइटनेस कमी-जास्त केल्यावर ती बदलत असेल, तर तिचा संबंध बॅकलाइटशीही असू शकतो. स्टॅबिलायझर लावलेला असेल तर आधी त्याला कान लावून बघा, अनेकदा गुणगुणणारा तोच निघतो.

चौथा आवाज म्हणजे टीव्ही सुरू किंवा बंद केल्यावर अधूनमधून येणारा 'टक्'. तापल्यावर प्लास्टिक प्रसरण पावतं आणि थंड झाल्यावर आकुंचन पावतं, त्याचा हा आवाज. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतही तसं लिहिलेलं असतं.

या लेखाचा विषय पहिला आवाज आहे, खडखड.

खडखड होते कशामुळे?

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू केला की ओट्यावरच्या एखाद्या स्टीलच्या डब्याचं झाकण वाजायला लागतं. वेग बदलला की ते थांबतं आणि कदाचित दुसरंच काहीतरी वाजायला लागतं. झाकणावर नुसता हात ठेवला तरी आवाज बंद होतो. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची एक गती असते आणि बाहेरून नेमकी तीच गती मिळाली की ती वस्तू जोरात थरथरते. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. टीव्हीत नेमकं हेच घडतं.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीचं खोकं खोल आणि जड होतं. आताचे टीव्ही पातळ असतात. स्पीकर लहान असतात, बहुतेक मॉडेलमध्ये ते खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात आणि मागचं झाकण पातळ प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं असतं. स्पीकरने जाड सूर काढला की तो सूर या झाकणालाही हलवतो. झाकणाचा एखादा स्क्रू नीट आवळलेला नसेल, आतली एखादी वायर क्लिपमधून सुटलेली असेल किंवा स्पीकरच्या बैठकीतलं रबर सरकलेलं असेल, तर तेवढी जागा वाजायला लागते. टीव्ही कारखान्यातून निघून गोदाम, ट्रक आणि डिलिव्हरीचा टेम्पो असा प्रवास करून घरी येतो. वाटेतल्या धक्क्यांनी स्क्रू सैल होणं अगदी शक्य आहे.

म्हणूनच बातम्यांना खडखड येत नाही आणि गाण्याला येते. निवेदकाच्या आवाजात फार खालचे सूर नसतात, ढोल-ताशा किंवा तबल्याच्या डग्ग्यात ते भरपूर असतात.

टीव्ही की भिंत?

सुरुवात सगळ्यात सोप्या गोष्टीपासून करावी. टीव्हीवरच्या प्लास्टिकच्या फिल्म आणि चिकटपट्ट्या पूर्ण निघाल्या आहेत ना, स्पीकरच्या जाळीत थर्माकोलचा तुकडा अडकलेला नाही ना, हे बॅटरी मारून बघा. एवढ्याशा कारणासाठीही टीव्ही वाजू शकतो.

मग टीव्हीचा शेजार तपासा. सेट-टॉप बॉक्स, राउटर, रिमोटचा स्टँड, शोपीस, फोटोफ्रेम असं सगळं शेल्फवरून खाली काढा. लाकडी टीव्ही युनिट असेल तर त्याच्या काचेच्या दारांवर हात ठेवून बघा, ही काच फार फसवते. टीव्हीच्या मागे लोंबणाऱ्या केबल झाकणाला टेकत असतील तर त्या बाजूला करून बांधा.

आता खडखड नेमकी जिथे येते ते गाणं पुन्हा लावा आणि दुसऱ्या माणसाला टीव्हीच्या मागच्या झाकणावर वेगवेगळ्या ठिकाणी तळहाताने अलगद दाब द्यायला सांगा. स्क्रीनला हात लावू नका, पॅनल दाबाने कायमचं खराब होऊ शकतं. एका जागी दाबल्यावर आवाज थांबला, तर दोष कुठे आहे ते जवळपास कळलंच. ब्रॅकेट धरल्यावर थांबला, तर दोष फिटिंगचा. टीव्हीच्या पाठीवर ब्रॅकेटसाठी साधारणपणे चार भोकं असतात, पण घाईत दोनच स्क्रू लावून जाणारे लोकही असतात. चारही आहेत का, भिंतीतला प्लग सैल नाही ना, हे बघून घ्या. ब्रॅकेटचे स्क्रू स्वतः आवळायला हरकत नाही, फक्त दुसऱ्या कुणीतरी टीव्ही धरून ठेवायला हवा.

एवढं करूनही शंका उरली तर एक चाचणी जवळपास निर्णायक आहे. दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरून उतरवा, खोक्यात आलेले पाय त्याला लावा आणि एका भक्कम टेबलावर दुमडलेली चादर अंथरून त्यावर तो उभा करा. तरीही खडखड आली, तर ती टीव्हीचीच.

गाण्याऐवजी एकच सूर धरून तपासलं तर निकाल आणखी स्पष्ट मिळतो. मोबाइलवर टोन जनरेटरची फुकट अॅप मिळतात. टीव्हीवर ब्लूटूथने किंवा कास्ट करून ८० ते ३०० हर्ट्झ या पट्ट्यातला सूर हळूहळू चढवत न्या. तानपुऱ्याचं अॅप असलं तरी चालतं. काळी एकचा खालचा सा सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे तो या पट्ट्यातच येतो. ठरावीक सुराला खडखड सुरू झाली आणि तो ओलांडल्यावर थांबली, तर तो अनुनादच. तो आकडा लिहून ठेवा.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे तपासायला हव्यात. पहिली, खडखड एकाच चॅनेलवर येते का? तसं असेल तर दोष प्रक्षेपणाचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा, टीव्हीचा नाही. दुसरी, ती फक्त आवाज १०० वर नेल्यावरच येते का? छोटे स्पीकर पूर्ण आवाजात थोडे फाटतातच. साउंड मोड 'स्टँडर्ड' ठेवून, बेस न वाढवता, निम्म्या आवाजात खडखड येत असेल तर तक्रारीत दम आहे.

झाकण उघडण्याचा मोह

इंटरनेटवर मागचं झाकण उघडून फोमच्या पट्ट्या चिकटवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. उपाय चुकीचा नाही, कंपनीचा तंत्रज्ञही पुष्कळदा तेच करतो. पण वॉरंटीतला टीव्ही घरी उघडला तर वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. शिवाय पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार राहतो आणि त्याचा झटका गंभीर असू शकतो. झाकण उघडायचंच असेल तर ते तंत्रज्ञाने उघडावं.

तक्रार कशी लिहायची?

"टीव्हीचा आवाज खराब आहे" एवढंच लिहिलं तर त्या तक्रारीतून काही निघत नाही. तंत्रज्ञ येतो, बातम्यांचं चॅनेल लावतो, आवाज ठीक असल्याचं सांगतो आणि तक्रार बंद होते. त्यापेक्षा असं लिहा: "टीव्ही टेबलावर ठेवून, स्टँडर्ड मोडमध्ये, आवाज ४० वर असताना १४० हर्ट्झच्या आसपास उजव्या खालच्या कोपऱ्यातून खडखड येते. भिंत आणि ब्रॅकेट तपासले आहेत." सोबत मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जोडा. त्यात स्क्रीनवरचा आवाजाचा आकडा आणि खडखड दोन्ही यायला हवेत.

फोनवर बोललात तरी तक्रार अॅपवर किंवा ईमेलनेही नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. "आधी आमचा माणूस येऊन बघेल" असं उत्तर येणं नेहमीचंच आहे. त्यासाठीची तारीख बदलून देण्याच्या मुदतीपलीकडची मिळत असेल, तर मुदतीतच बदलून मागितल्याची लेखी नोंद हवी. खोकं आणि थर्माकोलही टाकू नका. परत नेणारे अनेकदा मूळ पॅकिंग मागतात आणि ४३ इंची टीव्हीचं खोकं मागाहून कुठे मिळत नाही.

तंत्रज्ञ आल्यावर तेच गाणं, तोच सूर, तोच आवाजाचा आकडा लावून दाखवा. "हे नॉर्मल आहे" असं तो म्हणाला, तर ते जॉबशीटवर लिहून द्यायला सांगा. लिहायची वेळ आली की पुष्कळदा उत्तर बदलतं. आणि "आवाज कमी ठेवून बघा" ही दुरुस्ती नाही. ग्राहकाने पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेले असतात.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. दोष असलेली वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. कोपऱ्यावरच्या दुकानातून टीव्ही घेणाऱ्यांना ही तरतूद फार उपयोगाची आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दोष असलेल्या मालासाठी ढाल होऊ शकत नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे, जरी ते बहुतेकदा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलं तरी.

तिथे काम झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण ती तक्रार थेट कंपनीपर्यंत पोचवते आणि टीव्हीसारख्या प्रकरणात अनेकदा तेवढं पुरतं.

त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, राहत्या जिल्ह्यातच करता येते आणि वकील लावायलाच हवा असं नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. २०२५ पासून ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही दाखल होते. दोष दूर करून देणं, टीव्ही बदलून देणं, पैसे परत करणं आणि नुकसानभरपाई, यांपैकी काहीही आयोग मंजूर करू शकतो. गरज पडली तर वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली जाते. कायद्यानुसार निकाल शक्यतो ३ महिन्यांत आणि तपासणी लागली तर ५ महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तिथे बिल, तक्रार क्रमांक, जॉबशीट आणि खडखड येताना काढलेला व्हिडिओ सादर करावा लागतो, म्हणून हे सगळं पहिल्या आठवड्यातच एका फोल्डरमध्ये ठेवून द्यावं.