हीरविजयसूरी

हीरविजयसूरी : (१५२७–१५९५). श्वेतांबर जैनांच्या तपागच्छ या साधुशाखेचे आचार्य आणि मोगल बादशहा अकबराने सन्मानिलेले धर्मगुरू. जन्म पालनपूर (गुजरात) येथे ओसवाल कुटुंबात. मूळ नाव हीरजी. पाटण येथे विजयदानसूरींकडून दीक्षा (१५३९). न्यायशास्त्राच्या अध्ययनासाठी त्यांनी निजामशाहीतील देवगिरी (दौलताबाद) येथे वास्तव्य केले. सिरोही येथे आचार्यपद मिळाले आणि विजयदानसूरींनंतर गच्छाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

अकबराची भेट : आग्र्याच्या चंपा नावाच्या श्राविकेने केलेल्या सहा महिन्यांच्या उपवासामुळे अकबराला तिच्या गुरूंविषयी कुतूहल वाटले, अशी परंपरा आहे. गुजरातचा सुभेदार शिहाबुद्दीन अहमदखान याच्यामार्फत निमंत्रण आले, तेव्हा सूरी भडोचजवळील गंधार येथे होते. सुभेदाराने देऊ केलेली वाहने व द्रव्य नाकारून ते पायी निघाले आणि १५८३ च्या ज्येष्ठात फतेपूर सीक्रीस पोहोचले. आरंभीचा पाहुणचार व चर्चा अबुल फज्लकडे झाली. महालातील गालिच्यावर पाऊल ठेवण्यास सूरींनी नकार दिला. खाली जीवजंतू असल्यास ते चिरडतील, हे त्यांचे कारण. गालिचा उचलला असता खाली मुंग्या निघाल्या, असे चरित्रकार सांगतात. पद्मसुंदर या दिवंगत जैन विद्वानाच्या पोथ्या अकबराजवळ होत्या. त्या त्याने सूरींना देऊ केल्या. अपरिग्रहामुळे सूरींनी त्या स्वतःकडे न ठेवता आग्र्याच्या ग्रंथभांडारात ठेवविल्या. १५८४ मध्ये त्यांना ‘जगद्गुरू’ ही पदवी मिळाली. ‘आईन-इ-अकबरी’तील विद्वानांच्या यादीत त्यांचे नाव पहिल्या वर्गात आहे, त्यांच्या गच्छातील विजयसेनसूरी व भानुचंद्र पाचव्या वर्गात आहेत.

फर्माने : पर्युषण या जैन पर्वाचे आठ दिवस आणि बादशहाने आपल्याकडून जोडलेले चार, अशा १२ दिवसांच्या (अमान्त श्रावण वद्य १० ते भाद्रपद शुद्ध ६) पशुहत्याबंदीचे फर्मान हे या भेटीचे मुख्य फलित. सीक्रीच्या डाबर तलावातील मासेमारी थांबविणे, बंदिवान व पिंजऱ्यातील पक्षी सोडणे यांचेही उल्लेख आहेत. फर्मान निघाले तरी सुभ्यातील अधिकारी ते पाळतीलच, असे नव्हते. त्यामुळे दरबारात आपला माणूस असणे गच्छाला आवश्यक होते. सूरी गुजरातेत परतल्यावर हे काम प्रथम गच्छातील साधू शांतिचंद्र व पुढे भानुचंद्र यांनी केले. शांतिचंद्रांचे ‘कृपारसकोश’ हे संस्कृत काव्य अकबराच्या दयाकृत्यांची प्रशस्ती आहे. भानुचंद्रांनी बादशहाला सूर्यसहस्रनाम शिकविले.

जिझिया रद्द होण्याचे श्रेय जैन ग्रंथ आपल्या आचार्यांना देतात. अबुल फज्लनुसार हा कर १५६४ मध्येच उठला होता. अकबराच्या मांसत्यागात जैनांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. तो जैन पंथाचा अनुयायी झाला आहे, असे जेझुइट पाद्री पिन्हेरोने १५९५ मध्ये लाहोरहून लिहिले. मात्र अकबराने जैन दीक्षा किंवा श्रावकव्रते घेतल्याचा आधार नाही.

खरतरगच्छ : श्वेतांबरांच्या या दुसऱ्या गच्छाचे जिनचंद्रसूरीही १५९२ मध्ये लाहोरला अकबराच्या दरबारात आले; त्यांना ‘युगप्रधान’ पदवी मिळाली.

उत्तरकाल : सूरींचे निधन सौराष्ट्रातील ऊना येथे झाले. पट्टधर विजयसेनसूरी. जहांगीरने १६१० मध्ये पर्युषणातील हत्याबंदीचे फर्मान काढले. आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठविलेल्या विज्ञप्तिपत्रात शालिवाहन या चित्रकाराने तो प्रसंग रंगविला आहे. पुढे त्याच जहांगीरने जैन यतींच्या हकालपट्टीचे आदेश दिले. भानुचंद्रांचे शिष्य सिद्धिचंद्र यांनाही, विवाहाची आज्ञा न मानल्यामुळे, दरबार सोडावा लागला.

चरित्रसाधने : देवविमलकृत ‘हीरसौभाग्य’ व पद्मसागरकृत ‘जगद्गुरुकाव्य’ (संस्कृत), ऋषभदासकृत ‘हीरविजयसूरि रास’ (गुजराती). तिन्ही तपागच्छीय दृष्टीने लिहिलेली आहेत. फार्सी तवारिखांतील उल्लेख त्रोटक आहेत.