मागाचा खड्डा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या गावात चित्र नीट दिसायला मात्र ऐंशीचं दशक निम्मं सरलं. जागोजागी लहान प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हा एक टीव्ही वाड्यात आला आणि दुसरा ग्रामपंचायतीच्या खोलीत. ‘आमची माती, आमची माणसं’ लागलं की शेतकरी पुढं सरकून बसायचे, कारण त्यात पिकापाण्याचं बोलणं असायचं. कुंभार, बुरूड, सणगर यांचं काम पडद्यावर बघायचं, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. रोज दारावरून जाणारी माणसं, त्यांच्यात काय बघायचं?

तसं सरकारनं कारागिरांकडं लक्ष देऊन बरीच वर्षं झाली होती. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालं आणि कमलादेवी चट्टोपाध्यायांनी त्याची धुरा वाहिली. पण प्रदर्शनं शहरांत भरायची. गावाला कारागीर पाहुणा म्हणून भेटला तो टीव्हीवरच. १९९० पासून दिल्लीवरून ‘सुरभि’ लागायला लागलं. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे समोर बसून देशभरातल्या कला, कारागीर, चालीरीती दाखवायचे. हिंदी कळो न कळो, रविवारी रात्री वाड्याचा सोपा भरायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. देशभरातून कार्डांचा एवढा ढीग पडायचा, की पुढं पोस्टखात्यानं स्पर्धेसाठी वेगळं, महाग कार्ड काढलं. पाटणचं पटोळं, बीदरची बिदरी, बस्तरचं ढोकरा ही नावं आम्हा पोरांच्या तोंडात बसली ती त्याच वर्षांत. आपण ज्या घोंगड्यावर झोपतो त्याला कशाची खळ लावतात, हे मात्र कुणाला सांगता आलं नसतं.

आमच्या गल्लीत एक सणगर आजा होता. घोंगडं द्यायला आला की वाड्याच्या पायरीवर बसायचा, पैसे किंवा जोंधळं घेऊन उठायचा. एकदा पडद्यावर कुठल्याशा मुलखातला विणकर दिसला. पोरं त्याला बोलवायला धावली. पहिल्यांदाच तो सोप्यात, माणसांच्या मधोमध बसला. संपल्यावर कुणीतरी विचारलं, “कसं वाटलं, आज्जा?”

तो म्हणाला, “हात ब्येस हाय गड्याचा. पर दोन मिंटात विणून मोकळा झाला की रं! आन् पाय कुटं दावलं त्याचं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. घोंगडीचा माग जमिनीलगत असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं पावड्या दाबतो, हातानं धोटा फेकतो. दिवसभर कंबर वाकलेली, पाय गारठ्यात. आजाची सून दाराशी लोकर पिंजत होती. मेंढरं धनगराची; कातरलेली लोकर निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची, हे सगळं बायांचं काम. मग ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे सूत ताठ होतं. “मागावरचं काम दोन-तीन दिसांचं,” आजा म्हणाला, “पर कातण्यापास्नं धरशील तर पंधरा दिस. त्ये कोन मोजतंय?”

टीव्हीच्या मागावर हात होते, पण खड्डा नव्हता. विणणारा होता, पण कातणारी नव्हती. वेळ तर कात्रीतच गेला होता. पाच-दहा मिनिटांत पंधरा दिवस बसवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण पंधरा दिवस दिसले नाहीत, की घोंगड्याची किंमत ऐकून बाजारात माणूस म्हणतो, “एवढी कशाला?” आणि गिरणीची स्वस्त चादर उचलतो.

टीव्हीमुळं काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीनंतर आजा पायरीवर बसला नाही. लोकच त्याला “आत या” म्हणायला लागले. त्याचं त्याला अप्रूप होतं. पण पोराच्या चुलीला त्याचा उपयोग नव्हता. पोरगं इचलकरंजीला यंत्रमागावर गेलं. तिथं आठवड्याला पगार हातात पडतो. आजा गेल्यावर मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली.

आता मोबाइलवरही कारागिरांची चित्रं येतात, आणखी झटपट. माग दिसला की मी आधी खड्डा शोधतो. सूत कुणी कातलं आणि तिला काय मिळालं, हे कुणी विचारतंय का, तेवढं कान देऊन ऐकतो.