न्याय हातीं घेणारें शहर

बाजारांत चोर सांपडला म्हणजे पोलीस येण्यापूर्वींच जमाव त्याला चोप देतो, आणि पाहणारे आपण बहुधा मनांत म्हणतों, ‘बरें झालें!’ हें ‘बरें झालें’ कोठवर जाऊं शकतें, याचा एक वृत्तान्त आज सांगणार आहें. तो अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहराचा आहे. त्यांतील पुढारी गुंड नव्हते, चांगले प्रतिष्ठित व्यापारी होते. म्हणूनच तो विचार करण्यासारखा आहे.

१८४८ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. तोंवर जेमतेम हजार वस्तीचें असलेलें हें बंदर दोन-तीन वर्षांत माणसांनीं फुलून गेलें. खलाशी गलबतें तशींच टाकून खाणींकडे धांवले. लांकडी घरांना वारंवार आगी लागत. पोलीस थोडे, तुरुंग कच्चा, आणि आजचा साक्षीदार उद्यां खाणीवर निघून गेलेला! ऑस्ट्रेलियांतून आलेल्या गुन्हेगारांचा तर लोकांनीं धसकाच घेतला होता.

ता. १९ फेब्रुवारी १८५१ रोजीं जॅन्सेन नांवाच्या व्यापाऱ्याला त्याच्या दुकानांत दोघांनीं बेशुद्ध केलें आणि सुमारें दोन हजार डॉलर लांबविले. संशयावरून दोन इसम धरले गेले. त्यांपैकीं बर्ड्यू हा जेम्स स्टुअर्ट नांवाच्या कुप्रसिद्ध गुन्हेगारासारखा दिसे. ‘मी स्टुअर्ट नव्हे’ असें तो परोपरीनें सांगत होता. परंतु ऐकतो कोण? हजारोंचा जमाव ‘फांशी द्या’ म्हणून ओरडूं लागला. जमावानें स्वतःचेच पंच नेमले; पण त्यांचें एकमत होईना, म्हणून तो त्या दिवशीं वांचला. पुढें रीतसर न्यायालयानें त्याला दोषी ठरविलें. आणि मेरीसव्हिल येथें, स्टुअर्टनें केलेल्या खुनाबद्दल, त्यालाच स्टुअर्ट समजून फांशीची शिक्षा झाली.

इकडे जूनमध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या व्यापाऱ्यांनीं दक्षता समिति स्थापन केली. ता. १० जूनच्या रात्रीं जेन्किन्स नांवाचा मनुष्य तिजोरी चोरतांना सांपडला; समितीनें कांहीं तासांतच चौकशी उरकून उजाडण्यापूर्वीं त्याला भर चौकांत फांशी दिलें. पुढच्या महिन्यांत समितीच्या हातीं आणखी एक इसम लागला, आणि तोच खरा जेम्स स्टुअर्ट निघाला! त्यानें सर्व गुन्हे कबूल केले. ता. ११ जुलै रोजीं त्याला फांशी देण्यांत आलें, आणि बर्ड्यू सुटला.

समितीचे कैवारी म्हणतात, ‘पाहा, न्यायालय निरपराध्याला फांशी देत होतें, समितीनें त्याला वांचविलें.’ हें खरेंच आहे, आणि तें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. पण बर्ड्यू वांचण्यासाठीं जुलैपर्यंत जिवंत राहिला कशामुळें? फेब्रुवारींत पंच कचरले आणि नंतर न्यायालयानें वेळ घेतला, म्हणून. जेन्किन्सला तसा वेळ मिळालाच नाहीं. त्याच्या बाबतींत चूक झाली असती, तर ती उघडकीस येईपर्यंत तो मातींत गेला असता. ज्या दिरंगाईवर आपण चिडतों, तिच्याच पोटांत चूक दुरुस्त करण्याची सोय असते.

पांच वर्षांनीं हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. जेम्स किंग नांवाच्या संपादकानें केसी या राजकारणी माणसाचा पूर्वींचा तुरुंगवास उघड केला. त्याच दिवशीं, १४ मे १८५६ रोजीं, केसीनें त्याला भर रस्त्यांत गोळी घातली. विल्यम कोलमन या व्यापाऱ्याच्या नेतृत्वाखालीं दुसरी समिति उभी राहिली आणि हजारों लोक तिचे सभासद झाले. त्यांनीं बंदुका जमविल्या, कचेरीभोंवतीं वाळूच्या पोत्यांचा तट रचला, तुरुंगांतून केसीला बाहेर काढलें. त्याच्याबरोबर कोरा नांवाच्या जुगाऱ्यालाहि नेलें. त्याच्या खुनाच्या खटल्यांत ज्यूरीचें एकमत झालें नव्हतें. २२ मे रोजीं किंगची अंत्ययात्रा निघाली असतां दोघांना फांशी देण्यांत आलें. गव्हर्नर हतबल झाला. पुढें यादवी युद्धांत गाजलेला शर्मन त्या वेळीं तेथील नागरी सेनेचा अधिकारी होता. शस्त्रें मिळेनात, तेव्हां त्यानेंहि राजीनामा दिला.

खरी कसोटी पुढें आली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति टेरी यांनीं झटापटींत समितीच्या एका माणसाला सुरा मारला, आणि समितीनें त्यांनाच कोंडून ठेविलें. जखमी दगावला असता तर? न्यायमूर्तीला फांशी द्यावें तर राज्याशीं युद्ध. सोडून द्यावें तर आपलाच न्याय खोटा! जखमी जगला म्हणून समितीची सुटका झाली. ऑगस्टमध्यें तिनें टेरींना सोडलें आणि थाटानें संचलन करून आपलें विसर्जन केलें. कित्येकांना मात्र तिनें तत्पूर्वीं शहराबाहेर घालविलें होतें, आणि तिच्याच पुरस्कर्त्यांचा पक्ष पुढें सुमारें दहा वर्षें नगराचा कारभार पाहत राहिला. न्यायाच्या नांवानें उचललेल्या हाताला सत्तेचाहि लाभ झाला, हें विसरून चालणार नाहीं.

त्या व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. न्यायाधीश व पोलीस निष्क्रिय असले कीं लोक चिडतात, आणि तो दोष राज्याचाच असतो. परंतु तुरुंग पक्का करणें, साक्षीला उभें राहणें, ज्यूरींत बसणें, मतदान नेकीनें करणें, हीं कंटाळवाणीं कामें त्याच व्यापाऱ्यांनीं सोनें मिळविण्याच्या घाईंत टाळलीं होतीं. पुढच्या वेळीं बाजारांत जमाव कोणाभोंवतीं गोळा झालेला दिसला, तर आपण एकच प्रश्न विचारावा: हा स्टुअर्टच आहे, कीं बर्ड्यू?