मनोराविरहित विमानतळ : धावपट्टी-सुरक्षा व रेडिओ-संवाद

ज्या विमानतळावर किंवा हेलिपॅडवर उड्डाणाची वा उतरण्याची परवानगी देणारा नियंत्रण मनोरा (टॉवर) नसतो, तिथे वैमानिक रेडिओवर एकमेकांना ठावठिकाणा सांगत धावपट्टी वापरतात. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत विमानतळ नाही. पुण्याचे लोहगाव हवाई दलाच्या नियंत्रणाखाली आहे. जिल्ह्यात या पद्धतीचे एक उदाहरण म्हणजे बारामती.

बारामतीची धावपट्टी ११/२९ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ११० व २९० अंश चुंबकीय दिशेची. उड्डाण प्रशालांची शिकाऊ विमाने तिच्याभोवती घिरट्या घालतात. वारा व रहदारीची माहिती रेडिओवर देण्याचे काम वर्षानुवर्षे या प्रशालांतल्या माणसांनीच केले. ती माहिती असते, परवानगी नव्हे. धावपट्टी मोकळी आहे का, हे शेवटी वैमानिकानेच डोळ्यांनी पाहायचे असते.

घोषणा उतरण्याच्या फेरीतील ठरावीक टप्प्यांवर होते : डाउनविंड (धावपट्टीला समांतर), बेस (आडवे वळण), फायनल (धावपट्टीच्या रेषेत). विमानाची ओळख, जागा, उंची, इरादा, एवढेच बोलायचे. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर ऐकणाऱ्याच्या कानी नुसता चिरका आवाज येतो, आणि आपले बोलणे बुडाले हे बोलणाऱ्या दोघांनाही कळत नाही.

१९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतील क्विन्सी (इलिनॉय) येथे केवळ रेडिओवर विसंबण्याचा धोका पुरता उघडा पडला. तिथे मनोरा नव्हता. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारले, की धावपट्टीच्या टोकाचे विमान थांबणार आहे ना? उत्तर आले, पण त्या विमानाकडून नव्हे. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच छोट्या विमानाकडून. कॉकपिटमधील यांत्रिक सूचनेत ते अर्धवट ऐकू आले आणि गैरसमज पक्का झाला. पुढचे विमान धावू लागले. छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांच्या चौकात टक्कर होऊन १४ जण गेले. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते; दार उघडले नाही, म्हणून ते धुराने गुदमरले. ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला सांगितलीच पाहिजे.

विमानाच्या रेडिओच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मुलखात १,००० फुटांवरच्या विमानाचा आवाज जमिनीवर सुमारे ४० सागरी मैलांपर्यंत पोचू शकतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मावळात हे गणित कोलमडते. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरणा किल्ल्याआड, कानद खोऱ्यात खाली उडणाऱ्या हेलिकॉप्टरचे बोलणे डोंगरापलीकडे पोचेलच असे नाही. पावसाळ्यात ढग उतरले, की डोळ्यांचाही आधार जातो.

तालुक्याच्या गावी मंत्र्यांसाठी शाळेच्या मैदानावर हेलिपॅड करतात, तेही मनोराविरहितच. मैदानावर फक्कीने ‘एच’ आखतात, वारा दिसावा म्हणून कडेला धूर करतात. वैमानिक आधी एक घिरटी घालून तारा, झाडे आणि गर्दी पाहून घेतो.