दोन पंखांमधील तारा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एखाद्या संपाचा इतिहास सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मला एका खेळण्याविषयी बोलावयाचे आहे असे मी म्हणालो. ते क्षणभर गप्प राहिले. चळवळीतला मनुष्य पन्नाशी उलटल्यावर खेळण्यांकडे वळला म्हणजे चळवळीचे काही खरे नाही, असे त्यांच्या मनात आले असल्यास मी त्यांना दोष देत नाही.

गोष्ट अशी की दोन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मला एक प्लास्टिकची पिशवी मिळाली. पिशवीच्या तोंडावर घडी घालून टाचलेला, पिवळा पडलेला कागद. त्यावर एका द्विपंखी विमानाचे चित्र. आत सुटे भाग. विमान होते सॉपविथ कॅमल, पहिल्या महायुद्धातले, व संच होता इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचा, बहात्तरास एक या प्रमाणातला. म्हणजे खरे विमान २८ फूट रुंद, तर हे बारा सेंटिमीटरांच्याही किंचित आत. माझी शाळा दहावीला सुटली व सतराव्या वर्षी मी इंजेक्शन मोल्डिंगच्या यंत्रावर लागलो. त्यामुळे मी आधी पाहिले ते भागांच्या कडांना आलेले फ्लॅश. डाय झिजली की दोन अर्ध्यांच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येते व त्याची पातळ पापडी कडेला राहते. ती पापडी पाहून मला समजले की या डायमधून पुष्कळ माल निघालेला आहे.

या कंपनीची हकीकत थोडक्यात सांगतो. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली लंडनमध्ये ती काढली. आरंभी हवा भरण्याची रबरी खेळणी, युद्धानंतर कंगवे. १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांकरिता तिने त्या ट्रॅक्टरची लहान प्रतिकृती बनविली. ती कारखान्यात हाताने जुळवावी लागे व जुळणीला मजुरी लागे. पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांच्या रूपाने दुकानात विकण्यात आला. १९५२ साली ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना मिळू लागला. किंमत बसावी म्हणून खोक्याऐवजी पिशवी आली. विमाने त्यामागून आली. आता माझ्यासारख्याच्या नजरेला यात काय दिसते पाहा. जुळणीचे जे काम पूर्वी मजुरी देऊन करवून घ्यावे लागे, तेच काम गिऱ्हाईक स्वतः पैसे मोजून, आनंदाने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर करू लागले. मालकवर्गाच्या कल्पकतेला दाद द्यावयाची माझी सवय नाही. पण येथे देतो. ही कंपनी १९८१ साली बुडाली, हातोहाती फिरली, २००६ पासून हॉर्नबीकडे आली, व त्यानंतर काही वर्षे तिचे संच आपल्या देशातही तयार होत असत.

असो. मी संच जुळवावयास घेतला. धड झाले, खालचे पंख झाले. वरचा पंख बसविताना मात्र घाम फुटला. बाहेरच्या बाजूला चार दांडे, धडावर आखूड चार. आठांची आठ टोके एकाच वेळी आपापल्या भोकांत गेली पाहिजेत. एक बसवावा तर दुसरा निसटे. या खटपटीत एक गोष्ट ध्यानात आली. खालचे पंख टोकांकडे वर उचललेले आहेत, वरचा मात्र सपाट आहे. मला वाटले डाय चुकली. वाचून पाहिले तो खरे विमानही तसेच होते! वरचा पंख सरळ ठेवला की तो बांधावयास सोपा जातो, म्हणून त्याची कसर खालच्या पंखांना अधिक उचलून भरून काढण्यात आली होती. कारखान्याची सोय आकाशात गेली ती अशी.

पंख बसले, परंतु विमान उघडेबोडके दिसू लागले. तारा नव्हत्या. पिशवीतही नव्हत्या, त्या ज्याच्या त्याने करावयाच्या. तारांवाचून द्विपंखी विमान म्हणजे बंधाऱ्यावाचून कालवा. हे तंत्र मुळात विमानाचे नव्हेच, ते पुलाचे. ऑक्टाव्ह शानूट हा अमेरिकेतला रेल्वेचा इंजिनियर. त्याने आयुष्यभर पूल व लोहमार्ग बांधले आणि साठी उलटल्यावर, १८९६ साली, मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर आपल्या तरुण साहाय्यकांकरवी एक द्विपंखी ग्लायडर उडविले. एकावर एक दोन पंख, मध्ये उभे दांडे व तिरप्या ताणलेल्या तारा. पुलाची कैचीच त्याने हवेत नेली. राइट बंधूंनी ती घेतली व १९०३ साली त्यांचे विमान उडाले. त्या काळचे पंख पातळ, लाकडाच्या तुळयांचे व फासळ्यांचे. एकटा पंख भार सोसू शकत नसे. दोन पंख, दांडे व तारा मिळून एक पेटी होई आणि ती हलकी असूनही वाकत नसे.

तारांच्या दोन जाती. एक खालून धडापासून निघून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाते. विमान हवेत असताना पंख वर उचलू पाहतात, तो ताण ही धरून ठेवते. म्हणून ती बहुधा दुहेरी असे. दुसरी वरून मधून निघून खालच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाते. विमान जमिनीवर टेकले की पंखांचे वजन तिच्यावर येते. दोघींची फुली होते. एक काम करते तेव्हा दुसरी बरीचशी निवांत असते. या तारा योग्य ताणाला आणणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला. ब्रिटिश हवाई दलात इंजिन पाहणारा तो फिटर व सांगाडा पाहणारा तो रिगर. रिगर ओळंबा व लेव्हल घेऊन पंखाचा कोन मोजी, टर्नबकल अर्धा फेरा पिळी, पुन्हा मोजी, आणि झाल्यावर टर्नबकल उलटा फिरू नये म्हणून त्याला बारीक तारेची गाठ मारी. एका बाजूची तार जास्त ओढली गेली तर विमान त्या अंगाला कलत राही. वैमानिकाचे नाव वर्तमानपत्रात येई. रिगरचे नाव फार तर दुरुस्तीच्या वहीत.

सॉपविथची कंपनी १९१२ साली लंडनजवळ किंग्स्टन येथे, चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळाकरिता बांधलेल्या एका रिकाम्या इमारतीत सुरू झाली. कॅमल प्रथम उडाले डिसेंबर १९१६ मध्ये. एकंदर सुमारे ५,५०० बनली, पण त्यांतली बहुतेक इतरांनी बनविली: लिंकनच्या रस्टन प्रॉक्टरने, म्हणजे शेतीची यंत्रे व वाफेची इंजिने करणाऱ्यांनी, नॉर्विचच्या बोल्टन अँड पॉलने, म्हणजे लाकडी घरे व तारेच्या जाळ्या करणाऱ्यांनी. इंजिन असे होते की त्याची नळकांडी पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरत. त्याला वंगण लागे एरंडेल तेलाचे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एरंडीचा मोठा पुरवठा आपल्या हिंदुस्थानातून होई. इंजिन ते तेल मागे फवारी व वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. आपल्याकडच्या आयांनी मुलांना जे नाक दाबून पाजले, ते साहेबाचे वैमानिक उडता उडता घेत होते. परिणाम तोच होई.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येतो. पंखांवर लिननचे कापड असे, जवसाच्या धाग्याचे. ते शिवण्याचे काम हजारो स्त्रियांनी केले. शिवलेले कापड सैल असते, म्हणून त्यावर डोप नावाचे द्रव्य ब्रशाने चढवीत. ते वाळताना कापड आक्रसून ढोलकीच्या पानासारखे ताठ होई. हे डोप म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, द्रावकात विरघळविलेले. द्रावक होता टेट्राक्लोरोइथेन. १९१४ च्या अखेरीस हेंडनच्या विमान कारखान्यात डोपच्या खोलीतील कामगारांना कावीळ होऊ लागली. आधी भूक जाई, ओकाऱ्या होत, मग डोळे पिवळे. काही मेले. डॉक्टर विलकॉक्स यांनी शोध घेऊन हा विषारी वाफेचा परिणाम असल्याचे दाखविले. ती वाफ यकृत नासविते. हवा बाहेर ओढणारे पंखे बसविण्याचे आदेश निघाले आणि १९१६ च्या आरंभापासून अशा काविळीचा प्रत्येक रुग्ण सरकारच्या कारखाना-निरीक्षकाला कळविणे बंधनकारक झाले. हळूहळू तो द्रावकच हद्दपार झाला.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. पंचवीस वर्षांमागे मी ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव सांगत नाही, तेथे रंगखात्यात तिघे होते. बंद खोली, थिनरचा वास, तोंडाला रुमाल. एकाचे डोळे पिवळे झाले. व्यवस्थापन म्हणाले, हा बाहेरचे पाणी पितो. दुसऱ्याचे झाले, तेव्हा म्हणाले, हा दारू पितो. तिसरा माझा मित्र. तो माळकरी, दारूला शिवत नसे. त्याला कारण सापडेना तेव्हा त्याची बदली गोदामात झाली. थिनरनेच हे झाले असे आम्ही सिद्ध करू शकलो नाही, आणि आजही मी शपथेवर सांगू शकणार नाही, कारण कोणी नोंदच ठेवली नव्हती. तीन माणसे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली. ती एका कागदावर कधी आली नाहीत. अकरा महिने झगडल्यावर एक पंखा बसला. हेंडनच्या बायकांच्या बाबतीत तो कागद युद्ध चालू असताना निघाला होता, हे मला तेव्हा माहीत असते तर मी निदान ते टेबलावर मांडले असते.

आणखी एक गंमत. एअरफिक्सचा तो पहिला ट्रॅक्टर ज्या प्लास्टिकचा होता ते सेल्युलोज ॲसिटेटच, डोपमधलेच द्रव्य. गोल्डन हाइंडपासून पॉलिस्टायरीन आले, ते अधिक टिकाऊ. युद्ध संपले, विमानांची मागणी संपली. सॉपविथची कंपनी १९२० साली करांच्या बोजाखाली मोडीत निघाली व त्याच माणसांनी हॉकर या नावाने दुसरी उभी केली. मालक टॉमस सॉपविथ १०१ वर्षे जगला, १९८९ साली वारला.

माझ्या विमानाच्या तारा मी अशा केल्या. भाग ज्या काडीला जोडलेले असतात तो रनर फेकून न देता मेणबत्तीवर धरला, मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढला. केसासारखा धागा निघाला. तो मोजून कापावयाचा व चिमट्याने धरून टोकांना डिंकाचा थेंब लावून बसवावयाचा. सैल राहिला तर पेटती उदबत्ती जवळ नेली की तो आक्रसतो, लिननसारखाच. पहिल्या चार तारा मी उदबत्ती टेकवून जाळल्या.

विमान आता युनियनच्या कचेरीत कपाटावर आहे. मागच्या महिन्यात तो गोदामातला मित्र आला होता. त्याने ते हातात घेतले, फुंकर मारून धूळ उडविली आणि डाव्या बाजूची एक तार लोंबते आहे असे दाखविले. मी उदबत्ती पेटविली.

“अरे, जरा लांब धर,” तो म्हणाला, “आणि आधी ती खिडकी उघड.”