रणवाद्य विद्यामंदिरात

ट्रंपेट हे मुळात हुकमाचे वाद्य. घोड्यावर खोगीर केव्हा चढवावे, चाल केव्हा करावी आणि माघार केव्हा घ्यावी, हे युरोपातील सैन्यांना शतकानुशतके त्याच्याच आवाजाने कळत आले. तेच वाद्य अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या सभागृहात ऐकावयास मिळते, तेव्हा दृश्य अगदी निराळे असते. व्यासपीठावर पन्नाससाठ विद्यार्थी अर्धवर्तुळात बसलेले असतात. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रंबोन, ट्यूबा अशी फुंकून वाजवावयाची वाद्ये त्यांच्या हाती असतात. पाठीमागे नगारे व झांजा असतात. व्हायोलिनचा मात्र पत्ता नसतो. कार्यक्रमाच्या मध्यावर एक पाहुणा ट्रंपेटवादक पुढे येतो, विद्यार्थी आपला आवाज आवरून त्याला वाट करून देतात, आणि ज्या वाद्याने एके काळी पलटणी हालत, ते एखाद्या गायकाप्रमाणे गाऊ लागते.

भारतीय शास्त्रकारांनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले आहेत. त्यांपैकी सुषिर वाद्यांचा हा मेळा. पाश्चात्त्य संगीतात मानाचे पान मिळाले ते तंतुवाद्यांना. फुंकवाद्यांचा बँड हा रस्त्याचा, छावणीचा आणि मिरवणुकीचा मानला गेला. तो विद्यापीठात कसा आला, आणि हुकूम सोडणारे ट्रंपेट गाऊ कसे लागले, या दोन कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

प्रथम वाद्याची गोष्ट. महाराष्ट्रात ज्यांनी तुतारी किंवा शिंग ऐकले आहे, त्यांना या वाद्याची मर्यादा वेगळी सांगावयास नको. नळीची लांबी ठरलेली असली, की ओठांच्या ताणाने तिच्यातून केवळ काही नेमके स्वयंभू स्वरच निघतात. खालच्या पट्टीत हे स्वर एकमेकांपासून दूर दूर असतात. वर जावे तसे ते जवळ येतात. म्हणूनच जुन्या ट्रंपेटवर इशारा सहज देता येई, परंतु सलग चाल वाजवावयाची तर अगदी तारस्वरात जावे लागे. ही अवघड विद्या ज्यांना साधली त्यांचा मान मोठा होता. १६२३ साली सम्राट दुसरा फर्डिनंड याने ट्रंपेटवादक व नगारावादक यांच्या संघाला खास सनद दिली. दिसेल त्याने ट्रंपेट वाजवावे अशी मुभा नव्हती. ते राजदरबाराचे व लष्कराचे वाद्य होते. बाखने १७२१ साली ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला अर्पण केलेल्या सहा कॉन्चेर्टोंपैकी दुसऱ्यात ट्रंपेटला जे काम दिले आहे, ते आजही वादकांची कसोटी पाहते.

ही कोंडी फोडण्याचा एक धाडसी प्रयत्न व्हिएन्नात झाला. दरबारी ट्रंपेटवादक आंटोन वायडिंगर याने नळीला छिद्रे पाडून त्यांवर चाव्या बसवल्या. त्याच्यासाठी योझेफ हायडनने १७९६ साली एक कॉन्चेर्टो लिहिला आणि २८ मार्च १८०० रोजी वायडिंगरने तो व्हिएन्नात जाहीरपणे वाजवला. त्याच्या संथ भागात ट्रंपेट मधल्या सप्तकात, अगदी मानवी गळ्याच्या टापूत, सलग गाते. श्रोत्यांना हे नवीन होते. चाव्यांचे हे वाद्य मात्र फार काळ टिकले नाही, कारण छिद्रांमुळे त्याचा नाद बोथट होत असे. खरा उपाय पुढे झडपांच्या रूपाने सापडला. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मन वादकांनी १८१८ साली प्रशियात झडपेचे संयुक्त पेटंट घेतले. तिची युक्ती साधी आहे. झडप दाबली की वारा एका जादा वेटोळ्यातून फिरतो, नळी तेवढी लांब होते आणि स्वर उतरतो. आजच्या ट्रंपेटमध्ये पहिल्या झडपेने तो एक पूर्ण स्वरांतर, दुसरीने अर्धे आणि तिसरीने दीड उतरतो. या तिघींच्या मेळातून सप्तकातील बाराही स्वर हाती येतात. तुतारीच्या जातीचे वाद्य अशा रीतीने गळ्याच्या जातीचे झाले.

याच झडपा बसवलेले कॉर्नेट हे ट्रंपेटचे धाकटे भावंड. त्याचा नाद अधिक मऊ असतो. पॅरिसच्या आर्बांने १८६४ साली त्याच्या शिक्षणाचा जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही ट्रंपेट शिकणाऱ्यांच्या नित्यपाठात आहे. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानी जाणारी संघाची राखीव विद्या छापील पुस्तकात आली, आणि ती कोणाही विद्यार्थ्याला खुली झाली.

आता बँडची गोष्ट. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, १७८९ साली, बेर्नार सारेत या अधिकाऱ्याने पॅरिसच्या राष्ट्रीय रक्षक दलासाठी वादक जमवले. उघड्या मैदानात हजारो नागरिकांना ऐकू जाईल असे संगीत हवे होते, आणि ते व्हायोलिनच्या आवाक्याबाहेरचे होते. या बँडला जोडून १७९२ साली एक मोफत संगीतशाळा निघाली. तिच्यातून वाढलेली संस्था आणि जुनी राजकीय गायनशाळा यांच्या मीलनातून १७९५ साली पॅरिसचे विख्यात संगीत महाविद्यालय उभे राहिले. बँड आणि विद्यालय यांचे नाते असे जुने आहे.

अमेरिकेत हे नाते निराळ्या वाटेने जुळले. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असता, तेथे मॉरिल कायदा संमत झाला. शेती व यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना सरकारी जमीन मिळाली, आणि अभ्यासक्रमात लष्करी कवाईतीचाही समावेश करावा असे ठरले. कवाईत आली की पाठोपाठ ढोल व बिगुल येणारच. इलिनॉय राज्याचे विद्यापीठ १८६८ साली सुरू झाले, ते याच कायद्याचे अपत्य. तेथील बँडही कवाईतीच्या आश्रयानेच वाढला.

त्या बँडला सभागृहाचा दर्जा मिळवून दिला आल्बर्ट ऑस्टिन हार्डिंग याने. हार्डिंग त्या विद्यापीठात आला तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी म्हणून. १९०७ पासून १९४८ पर्यंत बँडची सूत्रे त्याच्याकडे होती. सिंफनी वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचना त्याने सुषिर वाद्यांत उतरवल्या. जे काम व्हायोलिने करीत ते क्लॅरिनेटांवर सोपवले, आणि शेतकी व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून ते घोटून बसवून घेतले. हे विद्यार्थी पुढे गावोगावच्या शाळांत बँड शिकवू लागले, आणि त्यांच्या हाताखालची मुले पुन्हा विद्यापीठांत येऊ लागली.

हार्डिंगचा एक स्नेही म्हणजे जॉन फिलिप सूझा. याचे घराणे वडिलांकडून पोर्तुगीज. गोव्यात घरोघरी आढळणारे डिसोझा हे आडनाव तेच. सूझा १८८० ते १८९२ अमेरिकी नौसैनिकांच्या सरकारी बँडचा नायक होता. त्यानंतर स्वतःचा बँड घेऊन तो जवळजवळ चाळीस वर्षे देशोदेशी हिंडला. त्याच्या कार्यक्रमात कूचगीतांच्या जोडीला एकलवादन हमखास असे. त्याचा सर्वांत नामांकित एकलवादक हर्बर्ट क्लार्क. कॉर्नेटवर त्याने जी सफाई दाखवली, तिला त्या काळी तोड नव्हती. मेळ्याच्या पुढे उभे राहून एकाच वादकाने गावे आणि मेळ्याने त्याला साथ द्यावी, हा जो प्रघात विद्यापीठांच्या बँडांत दिसतो, त्याला या व्यावसायिक बँडांचे वळण आहे.

क्लार्कच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट आहे. १९२१ साली एल्डन बेंज या तरुण वादकाने कॉर्नेट सोडून ट्रंपेट धरण्याविषयी त्याचा सल्ला विचारला. क्लार्कने पत्राने उत्तर दिले, की ट्रंपेट हे परदेशातून आलेले चार दिवसांचे खूळ आहे, त्याच्या नादी लागू नये. बेंजने हा सल्ला मानला नाही. तो पुढे शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदात प्रमुख ट्रंपेटवादक झाला, आणि ट्रंपेट घडवणारा कारागीर म्हणूनही नावाजला. थोर गुरूंचेही भविष्य चुकते, याचे हे चांगले उदाहरण होय.

सूझा १९३२ साली वारला. ग्रामोफोन, रेडिओ आणि बोलपट यांनी तोपर्यंत फिरत्या बँडांचे दिवस संपवत आणले होते. उद्यानातील मंडपात बँड ऐकण्यासाठी जमणारा समाज घरात बसून ऐकू लागला. अशा वेळी ही कला नामशेष होण्याचा धोका खराच होता. सूझाने आपला स्वरलिपींचा मोठा संग्रह मृत्यूपूर्वी इलिनॉय विद्यापीठाला देऊ केला. क्लार्कचा संग्रहही तेथेच गेला. व्यवसायाने ज्या कलेला निरोप दिला, तिचा वारसा विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. या एका घटनेत साऱ्या इतिहासाचे सार आले आहे.

वारसा घेणे ही एक गोष्ट. तो वाढवणे ही दुसरी. विद्यापीठांत पोचलेला बँड फुटबॉलच्या मैदानावरील कवाईती देखाव्यात अडकून पडण्याची भीती होती. शिवाय सभागृहात वाजवावयाचे ते पुष्कळसे दुसऱ्यांचे उसने संगीत. या प्रश्नाला रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयातील फ्रेडरिक फेनेल याने १९५२ साली उत्तर शोधले. प्रत्येक स्वरपंक्तीला शक्यतो एकच वादक ठेवून त्याने ईस्टमन विंड एन्सेम्बल हा सुटसुटीत मेळा उभा केला. गर्दीच्या आवाजामागे दडण्याची सोय त्यात कोणालाच नव्हती. सुमारे ४०० संगीतकारांना त्याने पत्रे धाडून या मेळ्यासाठी नवे लिहिण्याचे आवाहन केले.

ट्रंपेटच्या स्वभावातील पालटही याच सुमारास एका छोट्या रचनेत प्रकट झाला. बॉस्टनचा ट्रंपेटवादक रॉजर व्ह्वाझाँ याने लीरॉय अँडरसन या संगीतकाराजवळ तक्रार केली, की ट्रंपेटसाठी जे लिहिले जाते ते नेहमी धडाक्याचे आणि विजयाचेच का असावे? अँडरसन एके काळी हार्वर्ड विद्यापीठाच्या बँडचा संचालक होता. या तक्रारीला उत्तर म्हणून त्याने १९४९ साली ट्रंपेटवादकासाठी एक अंगाई लिहिली. पहाटे सैनिकांना जागे करणारे वाद्य मुलांना निजवू लागले, आणि विद्यार्थ्यांच्या बँडांनी ती अंगाई आपलीशी केली.

पाहुण्या वादकांचे महत्त्व काय, हे राफाएल मेंडेझच्या चरित्रावरून कळते. तो १९०६ साली मेक्सिकोतील हिकिल्पान येथे जन्मला. अमेरिकेत नाव मिळू लागले असता एका अपघातात त्याच्या ओठाला इजा झाली. ट्रंपेटवादकाचे पहिले वाद्य म्हणजे त्याचा ओठ. धातूची नळी हे दुसरे. मेंडेझला ही विद्या जणू पहिल्यापासून शिकावी लागली. पुढे हॉलिवुडच्या चित्रपटसंस्थेतील प्रतिष्ठेची नोकरी सोडून तो शाळा-महाविद्यालयांच्या बँडांबरोबर वाजवीत देशभर हिंडला. ज्याने स्वतः पुन्हा शिकून घेतले, असा कलावंत विद्यार्थ्यांच्या रांगेपासून चार हातांवर उभा राहून वाजवी, तेव्हा त्यांना श्वास केव्हा घ्यावा आणि स्वर कोठे सोडावा हे डोळ्यांनी दिसे. १९८१ साली तो निवर्तला. त्याच्या नावाचा संग्रह आज ॲरिझोना राज्य विद्यापीठात आहे.

ट्रंपेट आपला जुना धर्म अगदीच विसरले असे मात्र नव्हे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्राग शहरात शिरले. त्या शहरात जन्मलेला कारेल हूसा तेव्हा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवीत होता. ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ ही आपली रचना त्याने इथाका महाविद्यालयाच्या बँडसाठी लिहिली. तिच्यात ट्रंपेट पुन्हा रणांगणाची हाक देतात. पण ही हाक चाल करून येणाऱ्याची नसून ज्याच्यावर चाल झाली त्याची आहे. पुढे १९७३ साली हूसाने एकल ट्रंपेट आणि सुषिर वाद्यवृंद यांच्यासाठी खास कॉन्चेर्टोही लिहिला.

भारताला हे वाद्य परके नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुले स्वरलिपी वाचावयास शिकली, आणि त्यांतील अनेक जण मुंबईस आले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. चिक चॉकलेट या नावाने ते प्रसिद्ध होते, आणि सी. रामचंद्रांच्या संगीताला त्यांच्या ट्रंपेटने झळाळी आणली. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाचे श्रोते ती विसरणार नाहीत. परंतु या कलावंतांच्या विद्येला आसरा मिळाला तो हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात. लग्नाच्या वरातीत बँड वाजतो तेव्हा त्याच्याकडे कान देऊन ऐकणारे थोडेच असतात. गुण होता, परंपराही होती. शिकवणारे व ऐकणारे एकत्र बसतील असे घर मात्र क्वचितच लाभले.

विद्यापीठातील बँडच्या कार्यक्रमाचे मोल येथे ध्यानी येते. पाहुणा वादक आपली रचना संपवून ट्रंपेट खाली घेतो, टाळ्या होतात, आणि तो निघून जातो. मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आर्बांचे पुस्तक उघडावयाचे असते. त्यांतील बहुतेक जण पुढे अभियंते, डॉक्टर, शिक्षक होतात; एखादाच वादक होतो. परंतु सारे जण ऐकावे कसे हे शिकून जातात. हुकमाच्या वाद्याला श्रोता लागत नाही, आज्ञाधारक पुरतो. गाण्याच्या वाद्याला श्रोता लागतो, आणि तो घडवण्याचे काम विद्यालयाने करावयाचे असते.