गणकयंत्र निववणारे पाणी

विहिरीवर ज्यांनी डिझेल इंजिन चालवले आहे, त्यांना एक गोष्ट निराळी समजावून द्यायला नको. इंजिन सुरू झाले, की पाणी फिरते आहे ना, हे आधी पाहायचे. पाणी थांबले आणि कोणाचे लक्ष गेले नाही, तर दट्ट्या अडकलाच म्हणून समजा, आणि नेमका भर हंगामात. हेच पाणी गणकयंत्रालाही, म्हणजे कॉम्प्युटरलाही पाजतात, असे सांगितले तर मात्र पुष्कळजण हसतील. विजेच्या यंत्रात पाणी? पण ती हकीकत खरी आहे, आणि आजची नव्हे, १९६०च्या दशकापासूनची आहे.

मूळ अडचण उष्णतेची. गणकयंत्र काही दळत नाही की उपसत नाही. त्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ यंत्रात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते, आपल्या जुन्या रेडिओत असत तसेच. वीज लागे सुमारे १५० किलोवॅट. एका दालनात दीडशे विजेच्या शेगड्या पेटवाव्यात, तसा तो प्रकार! मोठमोठे पंखे लावून ती गरम हवा बाहेर काढावी लागे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पुरे झालेल्या ‘टिफ्रॅक’मध्येही २,७०० व्हॉल्व्ह होते.

पुढे ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्ह गेले. वाटले, सुटलो. पण भाग जसे लहान झाले, तसे ते दाटीवाटीने बसवू लागले, आणि त्या दाटीत पंख्याचा वारा पुरेना. तेव्हा आयबीएम कंपनीने ३६० मालिकेतल्या आपल्या मोठ्या यंत्रात पाणी खेळवले. १९७६च्या ‘क्रे-१’ यंत्रात पाण्याऐवजी शीतकपाटातला फ्रेऑन फिरे. १९८०मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ची रचना तर मोठी गमतीची. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक लहानसा धातूचा दट्ट्या, भोवती हेलियम वायू, आणि या सगळ्यावर गार पाणी वाहणारी पाटी. पाणी चिपला शिवत नाही, पण ऊब नेमकी उचलते. १९९०नंतर कमी वीज खाणाऱ्या चिपा आल्या आणि पाण्याला निरोप मिळाला. २००८च्या सुमारास पुन्हा दाटी वाढली, तेव्हा पाणी परत आले. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेले ‘परम ब्रह्म’ हे महासंगणक पाण्यानेच निवते.

पाण्यातच असे काय आहे? एक लिटर हवा एक अंशाने तापायला जेवढी उष्णता घेते, त्याच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता एक लिटर पाणी घेते. हंड्यातले पाणी तापायला किती वेळ लागतो, हे घरात साऱ्यांनाच ठाऊक आहे. तेच इथे कामी येते.

घरच्या टेबलावरील यंत्रात पाणी आणले ते हौशी मंडळींनी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस. मोटारीच्या हीटरची जाळी, मासे पाळण्याच्या टाकीतला पंप, आणि घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा! प्रथम हेतू यंत्र जास्त वेगाने पळवण्याचा होता; शांततेची ओढ मागाहून आली. आणि ही ओढ काही चैन नव्हे. खोलीत कोणी पाठ ध्वनिमुद्रित करीत असेल, तर पंख्याची घरघर प्रत्येक वाक्याच्या मागे उमटते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उष्णता संपवत नाही, वाहून नेते एवढेच. शेवटी जाळीपाशी वाराच लागतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की वारा दुप्पट मिळतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. म्हणून बेत आखताना जाळी ऐसपैस घ्यावी आणि पंखे मोठे, संथ ठेवावेत. खरी शांतता तिथून येते, पाण्यातून नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. यंत्र ३०० वॅट उष्णता टाकते, म्हणजे मिनिटाला १८ किलोज्यूल. पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवतो. ते एक अंशाने तापायला सुमारे १७ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका फेरीत पाणी जेमतेम एक अंशाने तापले! तेव्हा नळी आधी कोणत्या भागाकडे न्यावी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही; आणि पंप जोरात पळवून पदरात काय पडते, तर बहुतांशी आवाजच.

नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर हे पाणीही ४०च्या वरच राहणार. माठातले पाणी खोलीहून गार होते, ते पाझरून वाफ होते म्हणून. इथे नळी बंद असते. पाझरले तर घातच.

धातूंचे लग्नही जपून लावावे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले, की व्होल्टाच्या घटासारखा प्रकार सुरू होऊन ॲल्युमिनियम खंगत जाते. पाणी उर्ध्वपातित घ्यावे, त्यात शेवाळ व गंज रोखणारे औषध घालावे. पंप टाकीच्या खालच्या अंगाला ठेवावा, नाहीतर तो हवा ओढून खडखडतो.

ज्याला नुसती पत्रे टंकायची आणि हजेरी मांडायची, त्याने या भानगडीत पडूच नये. एक मोठा संथ पंखा त्याला पुष्कळ झाला. पण ज्याचे यंत्र दिवसभर तापते आणि खोलीत शांतता हवीच आहे, त्याने सारे जोडून झाल्यावर आधी एकट्या पंपालाच वीज द्यावी. प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवून दिवस-रात्र, चांगले २४ तास, पाणी फिरू द्यावे. कागद कोरडे निघाले, की मगच बाकीच्या यंत्राची कळ दाबावी.